ढीगच नसलेली लाइन

"संध्याकाळपर्यंत मला नाव पाहिजे," शेठ म्हणाले. "लाइनमध्ये हळू कोण आहे ते सांगा. उद्यापासून ती बाई नको."

शाळा उघडायच्या आत गणवेशांची ऑर्डर जायची होती आणि शर्ट काही पुरेसे निघत नव्हते. सोलापूरच्या एमआयडीसीतल्या या कारखान्यात मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. पूर्वी आमच्या बायका घोळक्यानं बसून अख्खा शर्ट शिवायच्या. या ऑर्डरसाठी मी लाइन लावली. म्हणजे एकीनं फक्त खिसा लावायचा, पुढचीनं बाही, तिच्या पुढचीनं कॉलर. शर्ट हातोहात पुढं सरकतो. यात हळू बाई शोधणं अगदी सोपं असतं, कारण तिच्यापुढं कापडाचा ढीग साचतो. त्याला आम्ही बॉटलनेक म्हणतो.

मी लाइनभर फिरले. ढीग कुठंच नव्हता. सगळ्या बायका सारख्याच गतीनं, सारख्याच सावकाश शिवत होत्या. माझी तर मतीच गुंग झाली. दोन माणसांचे हात कधी सारखे चालत नाहीत, मग इतक्या जणींचे कसे चालतील?

स्टूल घेऊन कोपऱ्यात बसले. बाहीवाल्या सुनंदाचा हात म्हणजे वीज. पण बाही लावून झाली की ती शर्ट पुढं देईना. नसलेले दोरे तोडत बसायची, उजवीकडं बघायची, मग द्यायची. तिच्या मागच्याही तेच करत होत्या. सगळ्यांची नजर कॉलरवर बसलेल्या पद्माअक्काकडं जात होती. अक्का तेलुगू विणकरांच्या पद्मशाली घरातली, कारखान्यातली सर्वांत जुनी. ती कॉलरची कड बोटानं चाचपून मग सुईखाली सरकवत होती.

डब्याच्या सुट्टीत सुनंदाला गाठलं.

"अक्काला दिसत नाही का गं?"

ती भाकरी मोडत राहिली. "कमी दिसतंय. आदी शेजारी बसायचो, तवा तिची कॉलर आमीच मारायचो. आता ढीग दिसला तर तुमी तिला काडणार की."

"हे ठरवलं कुणी?"

"ठरवलं न्हाय. झालं."

"अगं, तुमचा सगळ्यांचा इन्सेंटिव्ह बुडतोय."

"बुडू द्या की. मशिनवर हात कुनी बसिवला आमचा?"

मला राग यायला हवा होता. आला तो हेवा. माझ्या सांगण्यावरून या बायका कधी पाच मिनिटं जास्त थांबल्या नव्हत्या.

शेठना नाव द्यायचं तर अक्काची रोजीरोटी जाणार. न द्यावं तर ऑर्डर. मी तिसरीच वाट धरली, खुद्द अक्कालाच विचारलं. तिला यातलं काही ठाऊकच नव्हतं. ऐकून तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला. तशीच उठून ती लाइनसमोर उभी राहिली.

"माज्यासाटी हळू शिवता व्हय? हेच शिकिवलं काय मी?" पुढचं तेलुगूत होतं. कळलं मात्र सगळ्यांना. दोघी रडल्या.

मग माझ्याकडं वळली. "मॅडम, कॉलर सुनंदाला द्या. शिवलेली कॉलर उलटून टोकं भाईर काडायचं काम माज्याकडं. त्याला डोळे लागत न्हाईत."

बाहीवर दुसरी बसवली. त्या दुपारी लाइन अशी पळाली, की पॅकिंगवाल्या ओरडायला लागल्या. ऑर्डर वेळेत गेली. अक्काच्या मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं. दवाखान्यात सोबतीला कोण थांबणार यावरून बायकांची भांडणं झाली.

त्या संध्याकाळी शर्टांचा आकडा बघून शेठनी नाव विचारलंच नाही. मी ते सांगितलं, पण ऑर्डर गेल्यावर. सगळी हकिकत ऐकून ते म्हणाले, "मग तिलाच सुपरवायझर करू."

अक्कानं साफ नाही म्हटलं. "त्ये मॅडमचं काम. तक्ता कोन भरनार?"

तेव्हापासून तक्ता मीच भरते. लाइनची गती त्यात रोज लिहिते, आणि बायका ती अजूनही अक्काकडं बघून ठरवतात.