बिनफवाऱ्याची बाग

बागेत गवत आणि गोष्टी यांचं सारखंच. कुणी पेरत नाही, पण चार दिवस लक्ष दिलं नाही की गुडघाभर! गवत उपटता तरी येतं. गोष्टी सांगूनच टाकाव्या लागतात.

ही बाग भवानी पेठेत, बंद पडलेल्या लूमच्या कारखान्यामागं, आमच्या घराला लागून. मनाचे आजार बघणाऱ्या एक डॉक्टरीणबाई तिथं पोरापोरींना आणतात. कुणी जिवाला कंटाळलेलं, कुणी नशेत अडकलेलं, कुणी घराबाहेर पडायचंच थांबलेलं. गोळ्या बाई देतात, वाफे पोरं करतात, चहा मी करते. मी शाळेची पायरी चढले नाही, पण भाजी लावण्यात जन्म गेला, म्हणून बाईंनी मलाही ओढलं. पोरं मला अव्वा म्हणतात.

इथं रासायनिक औषध मारत नाहीत. लोकांना वाटतं, बाईंना सेंद्रियचं याड लागलंय. कारण वेगळंच आहे. करकंबकडचा दत्ता पिकावर मारायचं औषध प्यायला होता. वाचला. आवाज तेवढा घोगरा झाला, कायमचा.

एकदा खताच्या दुकानातला एक भला माणूस बाग बघायला आला. वालावर मावा पडलेला बघून हळहळला आणि पिशवीतनं एक बाटली काढून माझ्या बाजेवर ठेवली.

"फुकट घ्या, मावशी! एक फवारा मारा, सगळे साफ! एक पण जगायचा न्हाय!"

बाईंचा चेहरा पांढराफटक. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

दत्तानं बाटली उचलली, त्याच्या पिशवीत परत ठेवली आणि म्हणाला, "तसं नसतंय, काका. मी ऱ्हायलो की."

*

बाईंची एक शिस्त आहे. घरी जाताना सगळी खुरपी भिंतीच्या खिळ्यांना अडकवायची. प्रत्येक खिळ्याखाली खुरप्याचं चित्र काढलंय, म्हणजे रिकामी जागा लगेच दिसते.

एके दिवशी एक जागा रिकामी. आणि दत्ता कुठं दिसेना!

बाई चप्पल न घालताच पळाल्या. आसिफ नावाचा दांडगा पोरगा आहे, गांजा सोडायला आलेला, तो पाण्याच्या हौदात वाकून बघायला लागला. मी पोतं टाकून बसले होते, तिथनंच हाका मारायला लागले. तेवढ्यात मागच्या नळावर पाय धुवून दत्ता आला. त्यानं आमची तोंडं बघितली, मग भिंत बघितली.

"अव्वा, जरा उठा की."

हाताला धरून त्यानं मला उठवलं. खुरपं माझ्याच पोत्याखाली!

आसिफ हसायला लागला, हसता हसता वाफ्यातच बसला आणि रडला. दत्तानं खुरपं खिळ्याला अडकवलं. म्हणाला, "घरी हुतो तवा पण असंच. आई आदी विळी शोधायची, मग मला शोधायची."

*

बागेत येणाऱ्या रेणुकाचे आईवडील टॉवेलच्या कारखान्यात कामाला. पोरीला डॉक्टर करायचं म्हणून परीक्षेला बसवलं. ती सारखी थोडक्यात मागं पडायची. मग तिनं बोलणंच सोडलं. ओढणीत तोंड लपवून यायची, ओढणीत तोंड लपवून जायची.

बीटाची रोपं दाट झाली होती. मी तिला दाखवलं, "बारकी अन् मागं राहिलेली उपटायची. जोमदार ठेवायची."

पोरीनं सगळा वाफा एकटीनं केला. बघते तर काय, जोमदार रोपं बांधावर सुकत पडलेली आणि बारकी तेवढी उभी!

"आगं, हे उलटं केलंस की!"

ओढणीतनं आवाज आला, "मागं पडली म्हणून उपटायची का, अव्वा?"

मी उठले आणि त्या बारक्यांना पाणी घातलं.

बीटं अंगठ्याएवढीच झाली, पण झाली. तोवर ती नव्हती. घरच्यांनी तिला लांबच्या गावी परत क्लासला घातलं. आता फोन लागत नाही. बीट मी अजून लावते. विरळणी मात्र दुसऱ्या कुणाला तरी सांगते.

*

आसिफकडं खतासाठी पाळलेल्या गांडुळांचा हौद होता. त्यांच्याशी गप्पा मारायचा. "गोबर खाव, पत्ता खाव, पन घर में रहो!" म्हणायचा. आणि स्वतःच एकदा गायब झाला. परत वाईट संगतीला लागला म्हणून कळलं. ऐन उन्हाळा. ओलं पोतं टाकायचं आमच्याही ध्यानातनं गेलं आणि हौद वाळला. एक गांडूळ उरलं नाही.

मग एके दिवशी आला. गाल बसलेले, डोळे खाली. गेटातनंच विचारलं, "अव्वा, मेरे गांडुळां जिंदे हैं ना?"

"हायत की!" म्हणाले मी. बाईंनी कालच दुसरीकडनं पिशवीभर आणून सोडली होती.

आसिफनं माती उकरली, एक गांडूळ तळहातावर घेऊन बराच वेळ बघितलं.

"ये अपने नै हैं, अव्वा."

"त्यांचीच पोरं हायत, बाबा."

त्याला खोटं कळलं. पोतं भिजवून आणलं आणि लेकरावर घालावं तसं त्यांच्यावर घातलं.

*

दत्ता बाईंकडंच राहायचा, बाप गावाहून एसटीनं यायचा. गेटबाहेर पायरीवर बसायचा. आत यायचा नाही, दत्ता बाहेर जायचा नाही. मी चहा नेऊन द्यायची. त्याचा एकच सवाल, "जेवतुय का?"

एकदा म्हणाले, "आत या की! पोटचा पोरगा हाय."

कप तसाच हातात धरून म्हणाला, "ती बाटली मीच आणलीवती, अव्वा. कपाशीसाठी." मग म्हणाला, "घरी न्यायचं लई भ्या वाटतंय. परत तसं झालं तर?"

मे महिना होता. आंबे खाल्ले आम्ही सगळ्यांनी. खाऊन झाल्यावर दत्ता भिंतीकडंला गेला, खड्डा केला आणि कोय पुरायला लागला. बापानं पायरीवरनं बघितलं. शेतकरी माणूस, त्याला ते बघवेना. चपला काढल्या आणि तरातरा आत आला!

"आरं येड्या, कोय कशापायी लावतुयास? कलम आणावं! कोयीच्या झाडाला आंबा धरायला लई वर्सं जात्यात. तवर कोण थांबणार हाय?"

दत्ता माती दाबत होता. वर न बघताच म्हणाला, "मी थांबतो की."

बापानं झारी उचलली आणि कोयीवर ओतली. रिकामी झाली. हौदावर गेला, भरून आणली, परत ओतली. परत गेला. खड्ड्याचं तळं झालं!

"आवो बास! कुजंल ती कोय!" मी ओरडले.

दत्तानं माझा हात धरला.

"ओतू द्या त्यास्नी, अव्वा. कुजली तर दुसरी लावू."