पिंग्यात आटलेला रोमन क्लोक

कुलकर्णीकाकूंनी पदर खोचला, साडी पोटरीपर्यंत वर घेतली आणि आमच्या गच्चीवरच्या हौदात उतरल्या. हौदात कोमट पाणी होतं आणि पाण्यात रोमन क्लोक. "चावत नाही ना गं हे?" त्यांनी विचारलं. पाठोपाठ महिला मंडळाच्या आणखी तिघी उतरल्या.

सांगते. कॉलेजात टेक्स्टाइल शिकवून मी रिटायर झाले आणि नेहरू नगरच्या घरात, हॉलमध्येच माग बसवला. परदेशात हौशी लोक रोमन सैनिकांचा वेश करून मैदानात उतरतात. त्यांना सगळं अस्सल लागतं. टी. टी. नगरचे सक्सेनाजी त्यांना कपडे पुरवतात. त्यांनी माझ्याकडे एका क्लोकचं सॅम्पल मागितलं. क्लोक म्हणजे खांद्यावरून घ्यायचं जाड लोकरी पांघरूण, आपल्या घोंगडीचा लांबचा भाऊ.

पद्धत अशी, की कात्री लावायची नाही. कापड मागावरच अर्धगोल विणायचं. लोकर धुताना तिचा तुपकटपणा राहू द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी आत शिरत नाही. वासही राहतो. आमचे हे म्हणायचे, त्यापेक्षा मेंढी पाळली असती, तर निदान बोलली तरी असती.

ह्यांचा खरा राग मागावर. एवढा रुंद माग, त्यापायी सोफा बाल्कनीत गेला. तिथे बसून हे खिडकीतून हॉलमधला टीव्ही बघत. शेवटी एकदा शांतपणे म्हणाले, सॅम्पल पास झालं तर ठीक, नाहीतर माग अयोध्या नगरला भाचीच्या गॅरेजमध्ये. ह्या वयात विणायला रोज अयोध्या नगरला कोण जाणार? माग गेला, की माझं विणणं संपलंच.

तर, शेवटची पायरी फुलिंग. विणलेलं कापड कोमट पाण्यात पायांनी तुडवायचं. धागे एकमेकांत गुंततात, कापड आटतं, दाट होतं. म्हणून आधी मोठं विणायचं आणि हवं तेवढं आटलं, की थांबायचं. सगळी मेख थांबण्यात. माझ्या गुडघ्यांना हे जमणारं नव्हतं. मंगळागौर तोंडावर होती आणि मंडळाच्या बायकांना खेळांची प्रॅक्टिस हवी होती. म्हटलं, चला, सोयीचं झालं.

सुरुवात झकास झाली. मी टेप घेऊन काठावर उभी, त्या तालात तुडवतायत. मग कुणीतरी पिंगा धरला. आता, पिंगा एक बाजू हरल्याशिवाय थांबत नाही. मी "बास, बास" म्हणतेय, तर काकूंना वाटलं, मी समोरच्या बाजूची. त्यांनी मलाच आत ओढलं. आणि खोटं कशाला बोलू, मीही गुडघे विसरून नाचले.

बाहेर काढून मापलं, तर घात झालेला. आटलेली लोकर मागे येत नाही. त्या चौघींनी चार दिशांना ओढली, जेमतेम बोटभर मिळाली.

वाळल्यावर सक्सेनाजी आले. उंचपुरा माणूस. त्यांनी क्लोक खांद्यावर घेतला, तो गुडघ्याच्या वीतभर वरच थांबला.

"मॅडम, ये सैनिक का है या सैनिक के बच्चे का?"

मला रडूच येणार होतं. मागाचा शेवट दिसत होता. मी म्हटलं, निदान कापड तरी बघा. आमचे हे बेताच्या उंचीचे. त्यांनाच क्लोक पांघरून उभं केलं आणि खांद्यावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी मोत्यांसारखं घरंगळून खाली गेलं. ह्यांनी आत हात घालून पाहिलं, बनियन कोरडी. सक्सेनाजी बराच वेळ कापड चोळत राहिले. म्हणाले, असं कापड कुठे मिळालं नाही. साइझ मोठा करा, ऑर्डर पक्की. हा पीस तेवढा दाखवायला घेऊन जातो.

"ये नहीं मिलेगा," हे म्हणाले. "ये मेरे नाप का है."

खरंच, ह्यांच्या गुडघ्याखाली अगदी बरोबर येत होता. मी घाबरत सांगितलं, की एवढं दाट कापड मोठ्या साइझमध्ये हवं, तर आधी आणखी रुंद विणावं लागेल, म्हणजे मागाला आणखी जागा लागेल. हे क्लोक सावरत हॉलभर फिरले आणि म्हणाले, "मग डायनिंग टेबलही बाल्कनीत घेऊ."

आता थंडीत हे तोच पांघरून मॉर्निंग वॉकला जातात. गल्लीतली कुत्री भुंकतात, मेंढीच्या वासाने असेल. मी एवढंच शिकले. लोकर तुडवायला कुणालाही बोलवा, पण पहिलं सॅम्पल नवऱ्याच्या मापाचं करा.