इक्बालभायची रांगेतली जागा

पालीकरांनो, आज माझी मलाच लाज वाटतेय.

इथे दुबईत टॉवरची कामं बंद पडत चाललीत. माझा रूम पार्टनर इक्बालभाय, आपल्या रत्नागिरीचाच गवंडी, तीन महिने बेकार आहे. फुकट जेवणाच्या रांगेत जातो. सकाळी मी त्याला टोमणा मारला, "काम नको, आयतं गिळायला पाहिजे!" तो नुसता हसला.

दुपारी आमचीही साइट बंद झाली, थकलेला पगारही न देता सगळ्यांना कामावरून काढलं.

संध्याकाळी टोपी डोळ्यांवर ओढून मी त्याच रांगेच्या शेवटी उभा राहिलो. इक्बालभायने पुढून बघितलं. "ये मेल्या, इथे लाग," म्हणत मला आपली जागा दिली आणि स्वतः मागे गेला. त्याचा नंबर येईपर्यंत जेवण संपलं.

रूमवर मी अर्धा भात पुढे केला, तर म्हणतो, "पोट भरलंय रे."

खरं सांगा, त्याच्यासमोर बसून मी हे जेवू कसं?