ओव्हरलोडचे शॉकअप

माझी पिकअप लग्नाच्या डेकोरेशनची. माल काय, तर प्लास्टिकची फुलं, पडदे आणि नवरा-नवरीच्या दोन मखमली खुर्च्या. तरी मागचे कंपनीचे शॉकअप पहिल्यापासूनच मऊ. खड्डा कधीच मागे पडलेला असायचा आणि गाडी आपली उसळतेच आहे. आईला मणक्याचा त्रास. एकदाच बसली आणि उतरताना म्हणाली, "मेल्या, ही गाडी की उखळ?"

मग मानखुर्दची मावशी अंथरुणाला खिळली. आई रोज फोनवर रडायची. रिक्षा झेपत नव्हती, आणि टॅक्सीवाला कुणाच्या सांगण्यावरून हळू चालवतो का? म्हटलं, रडू नको, नवे शॉकअप टाकतो आणि रविवारी मीच नेतो.

दुकानदाराने विचारलं, "माल किती भरता?" आता चार ड्रायव्हर उभे असताना प्लास्टिकची फुलं कशी सांगणार? म्हटलं, "ओव्हरलोड! लाद्या, सिमेंट, पडेल ते." त्याने दुकानातले सगळ्यात कडक काढून दिले. मी आपला खूश.

दिंडोशीला, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, स्वतःच बसवायला घेतले. शॉकअप दाबून पट्ट्याने बांधलेले होते. नवी वस्तू हळद-कुंकवाशिवाय आमच्या घरात वापरत नाहीत, आणि नेमका पट्टा कुंकवाच्या आड येत होता. कापला. फुस्स! शॉकअप हातभर लांब झाला, ताटातला नारळ घरंगळत गटारापर्यंत गेला, आणि तो शॉकअप काही केल्या जागेवर बसेना. पट्टा बसवल्यावर कापायचा असतो, हे खोक्यावर चित्र काढून दाखवलं होतं. त्याच चित्रावर मी आरतीचं ताट ठेवलं होतं.

"आता आरती म्हण, आपोआप आत जाईल," बायको म्हणाली. पण आली बिचारी. तिने सगळा भार टाकून शॉकअप दाबला आणि मी गाडीखाली आडवा होऊन नट फिरवला.

"हलू नको गं!"

"मी नाही हललेय. तुझं डोकं हललंय."

दुसऱ्याला कुंकू पट्ट्यावरूनच लावलं.

रविवारी आईला उशी देऊन पुढे बसवलं. गाडीचं उसळणं एकदम बंद! पवईपर्यंत मी नुसता हवेत होतो. मग रस्ता खराब लागला, आणि रिकामी गाडी आणि ओव्हरलोडचे शॉकअप म्हणजे काय ते माझ्या कमरेला कळलं. प्रत्येक खड्डा थेट वर येत होता. मी घाबरून विचारायचो, "आई, दुखतंय का गं?"

"नाय रे. झकास."

आईने आयुष्यात कधी झकास म्हटलं नव्हतं.

मावशीने पडल्यापडल्याच हात पुढे केला. "कशी इलंस गो तू?"

"पाळण्यात बसान इलंय," आई म्हणाली आणि तिच्या उशाशी बसली. दोघी रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या.

मावशीला पाणी देताना आईचा तळवा दिसला. दाराची मूठ धरून धरून त्यावर लालभडक वळ उठला होता. "आई, लागलं ना गं तुला?"

तिने पदराखाली हात घेतला.

"गप रव. तिका ऐकाक येतला."