हर्षवर्धनरावांची ना-हरकत

विभावरी हर्षवर्धन दाबके या नावाचा यामिनीला नेमका केव्हापासून वीट आला, ते ती तारखेनिशी सांगू शकत असे. एप्रिल २०१९. आयर्लंडमध्ये, नास गावाजवळच्या एका औषधांच्या कारखान्यात ती गुणवत्ता विभागात होती आणि तिला बढती मिळाली होती. तीन दिवसांनी साहेबांनी हळहळत विचारलं, नको का म्हणालीस? तिच्याच मेलवरून नकार गेला होता. खाली नाव विभावरी, लिहिणारा नवरा. "घराकडे दुर्लक्ष झालं असतं," हर्षवर्धन म्हणाला, आणि त्याच दमात आमटीत मीठ कमी असल्याचंही म्हणाला.

हे नाव तरी तिचं कुठे होतं? २००५ साली सांगलीच्या मंगल कार्यालयात ताटातल्या तांदळावर अंगठीने ते लिहिलं गेलं. यामिनी म्हणजे रात्र, आमच्या घरात अंधार नको, असं सासूबाईंचं म्हणणं. विभावरी म्हणजेही रात्रच, हे त्यांना कोणी सांगितलं नाही. यामिनीला माहीत होतं, पण नव्या नवरीने सासूचं मराठी काढायचं नसतं. पुढे त्याच नावाने पासपोर्ट निघाला आणि मधोमध नवरा येऊन बसला, तो बसलाच.

त्या मेलनंतर पाच महिन्यांनी ती ल्यूकन गावातलं नवऱ्याचं घर सोडून मुलीसह नासला भाड्याच्या घरात आली. घटस्फोट मागायचा तर आधी दोन वर्षं वेगळं राहायला हवं, असा इथला कायदा. हर्षवर्धनने पुण्याला आईला यातलं काही कळू दिलं नव्हतं. फोनवर विचारलं की विभावरी कायम आंघोळीला गेलेली असायची.

आणि २०२१च्या फेब्रुवारीत पत्र आलं. वेगळं होण्याआधी केलेला नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला होता. करोनामुळे सभागृहातला सोहळा बंद, म्हणून सॉलिसिटरसमोर निष्ठेच्या घोषणापत्रावर सही करून कागद पोस्टाने पाठवायचे होते. दुसऱ्या कोणी पेढे वाटले असते. यामिनीने पत्राच्या माथ्यावर ते नाव पाहिलं आणि पत्र पुन्हा पाकिटात घातलं. नव्या देशाची शपथ, तीही याच उष्ट्या नावाने?

नासची सॉलिसिटर बाई फोनवर स्पष्ट बोलली. आधी नाव बदला, मग शपथ. उलट केलंत तर प्रमाणपत्रावर जुनंच नाव येईल. उशीर होईल, पण होईल ग्रँड, म्हणजे झकास. जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि पासपोर्ट घेऊन या. यामिनीने तिन्ही कागद लिहून घेतले आणि खाली आपल्याच मनाने चौथा लिहिला: नवऱ्याचं ना-हरकत पत्र. कोणी मागितलं नव्हतं. पण आपली माणसं! जन्म सरकारी खिडक्यांसमोर गेलेला; ना-हरकत नसली तर आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

तिने फोन केला. हर्षवर्धन ऐकून घेऊन गोड आवाजात म्हणाला, "देतो की. माझी कसली हरकत? फक्त रविवारी आईची पंचाहत्तरी आहे, झूमवर. सगळे असणारेत. तू ये, साडी नेस, नथ घाल. दोन तास. सही करून ठेवतो."

"आणि आलेच नाही तर?"

"मग मला जरा विचार करावा लागेल, विभा."

तेव्हाच फोन आपटायचा. पण अडला हरी, गाढवाचे पाय धरी. लॉकडाउनमुळे घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला बंदी असली तरी मुलीला वडिलांकडे सोडायला जाता येत होतं. रविवारी सकाळी साडीवर जाड कोट चढवून ती निघाली. चौदा वर्षांची क्षितिजा शेजारी बसून आईच्या नाकातल्या नथीकडे बघत होती. "व्हाय आर यू ड्रेस्ड लाइक दॅट, मॅम?" इथल्या पोरांसारखी तीही आईला मॅम म्हणायची. यामिनीने गिअर टाकला.

ल्यूकनच्या घरात कुबट वास होता. सिंकमध्ये तिचेच कप, तळाशी चहा वाळलेला. हर्षवर्धन वर जरीचा कुर्ता आणि खाली अर्धी चड्डी घालून बसला होता, कारण कॅमेऱ्याला खालचं दिसत नाही. यामिनीला वाटलं, याचं सगळंच असं. पंधरा वर्षं आपण खालचं झाकत बसलो.

पडद्यावर चौकटीचौकटीतून दाबके मंडळी उगवली. सासूबाईंना पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळलं. हर्षवर्धनने तिच्या खांद्यावर हात टाकला. तो हात ओलसर होता, ब्लाउजमधून जाणवत होता, आणि तिला अंगावर गोगलगाय चढल्यासारखी शिसारी आली. ती हसत राहिली. मग नंदा आत्या ओरडल्या, "विभावरी, नाव घे गं! परदेशात जाऊन उखाणे विसरलीस की काय?" सगळ्या चौकटी टाळ्या वाजवायला लागल्या.

ज्याचं नाव टाकायला निघालो, त्याचंच नाव चारचौघांत मिरवून घ्यायचं. यामिनी तोंडाला आलं ते म्हणाली:

"आयर्लंडच्या पावसाला नाही कधी अंत,
हर्षवर्धनरावांचं नाव घेते, नाही कसली खंत."

वाहवा झाली. सासूबाईंनी डोळे टिपले. कॅमेरा बंद झाल्यावरही तो हात खांद्यावरच होता. "बघ, किती छान दिसतो आपण," तो म्हणाला. तिने हात उचलून बाजूला ठेवला, मेलेली पाल चिमटीत धरून टाकावी तसा, आणि कागद मागितला. त्याने इंग्रजीत टाइप केलं होतं: माझी पत्नी विभावरी हिला तिचे नाव बदलण्यास मी परवानगी देत आहे. खाली लांबलचक, शेपटीवाली सही.

क्षितिजा दाराशी उभी होती. तिने सगळं पाहिलं होतं. "दॅट वॉज मिंगिंग, मॅम," ती हळूच म्हणाली. घाणेरडं होतं ते. आणि होतंच.

गुरुवारी सॉलिसिटर बाईने मास्कवरून चष्मा सावरत कागद पाहिले. तीन बाजूला ठेवले, चौथा वाचला, पुन्हा वाचला. "हा कशाला आणलात? मी मागितला नव्हता."

"नवऱ्याची परवानगी."

"ती मी त्याला कशाला विचारू? नाव तुमचं आहे," बाई म्हणाली आणि कागद टेबलावरून परत सरकवला.

यामिनीचे कान तापले. हर्षवर्धनची किळस तिला सवयीची झाली होती. ही मात्र स्वतःची होती. नथ आपण घातली होती. खंत नाही असं आपणच म्हणालो होतो. हात पसरून मागितलं, म्हणून त्याला मूठ झाकता आली.

बाई अर्ज भरत होती. "सही नव्या नावाने. आधी रफ कागदावर सराव करा. लोक सवयीने जुनीच ठोकतात आणि सगळं परत टाइप करावं लागतं." तिने छापायच्या यंत्रातून कोरा कागद काढायला हात लांबवला.

"नको," यामिनी म्हणाली. "आहे माझ्याकडे पाठकोरा."

सांगलीला वडील, नंदकुमार खांबेटे, कॅलेंडरच्या पानांचीसुद्धा पाठ वाया जाऊ देत नसत. तिने हर्षवर्धनची परवानगी पालथी घातली आणि पेन टेकवलं. हात आपोआप विभावरीतला ‘व्ही’ काढून मोकळा झाला. तिने तो खोडला. दुसऱ्यांदाही व्हीच आला, तोही खोडला, कागद फाटेल इतक्या जोराने. तिसऱ्यांदा ‘वाय’ निघाला, वाकडा, शाळकरी पोरीचा. यामिनी खांबेटे. मग पुन्हा. मग पुन्हा. पाठ भरत आली, आणि शाई पलीकडे उमटून त्याच्या शेपटीवाल्या सहीवर यायला लागली, तेव्हा तिने अर्ज पुढे ओढला आणि सही केली.

"तो कागद हवाय परत?" बाईने विचारलं.

"नाही," यामिनी म्हणाली. "दोन्ही बाजूंनी भरला."