सोळा डोकी आणि एक कोपरा

कारखान्यात सगळे तिला मांडणीताई म्हणत. बाह्या, कॉलरी, खिसे कापडावर असे बसवायचे की कात्री फिरल्यावर चिंध्या कमीत कमी पडाव्यात, हे तिचं काम. बावीस वर्षं ती ते करत होती, शेवटची नऊ जुन्या कॉम्प्युटरवर. एका ऑर्डरीला पुरता एक दिवस जाई.

मग मालकांचे जावई धंद्यात लक्ष घालू लागले. लक्ष कसलं, नाक! त्यांनी सोळा कोरचा कॉम्प्युटर आणला आणि भाषण ठोकलं. “याच्या पोटात सोळा डोकी आहेत, ताई. तुमचा दिवस म्हणजे याचा अर्धा तास. हे चाललं की तुम्हाला रोज यायची गरजच नाही.”

जुना प्रोग्राम त्यावर चढवला, तर एकटा कोर राबतोय आणि पंधरा नुसते बसलेत. रिकामं बसण्यात जावईबापूंचा हात धरणारे एकदम पंधरा जण निघाले.

त्यांनी बाहेरून माणूस बोलावून प्रोग्राम बदलून घेतला. सोळाही कोरनी एकाच ताग्यावर एकदम तुकडे मांडायचे! छापील मांडणी ताईने टेबलावर पसरली. एका कोपऱ्यात तीन कॉलरी, एकीवर एक. ज्याने त्याने पाहिलं तेव्हा कोपरा रिकामा होता, म्हणून ज्याने त्याने आपली कॉलर तिथेच ठेवली. शेजारचा काय करतोय हे कुणाला कळायची सोयच नव्हती.

“उद्या कापायला घ्या,” जावईबापू म्हणाले. “सोळा डोकी चुकतील होय?”

घरी नवऱ्याने बजावलं, “तू गप्प बस. ते फसलं तरच तुझी नोकरी राहील.”

अगदी खरं होतं. पण दुसऱ्या दिवशी कात्री कापडाला लागणार, तेवढ्यात ताईला राहवलं नाही. “प्रत्येक कोरला वेगळा तागा द्या. दुसऱ्याच्या ताग्यात कुणी हात घालायचा नाही.”

तसं केलं. सोळा तागे अर्ध्या तासात मांडून झाले, एक कॉलर इकडची तिकडे नाही. मालकांनी जावयाची पाठ थोपटली. जावईबापूंनी ती थोपटून घेतली आणि ताईला निरोप धाडला: यापुढे सोमवार आणि गुरुवार, दोनच दिवस. आपण होऊन पायावर धोंडा पाडून घेतला म्हणून ताईला जावयापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

पुढच्या मंगळवारी सकाळी जावईबापूंचा फोन. “ताई, या ऑर्डरीला तागा एकच आहे हो. कॉलरी पुन्हा एकमेकींवर चढल्यात. आता काम वाटायचं कसं?”

उत्तर तिच्या जिभेवर होतं. कापडाची कीवही आली.

“आज मंगळवार,” ती म्हणाली. “तुमच्याकडे सोळा डोकी आहेत, त्यांना विचारा. नाहीच जमलं तर सतरावं चालवून बघा.”