कल्हईवाल्याचा समुद्र

वसमतच्या बाजारात जलालुद्दीन कल्हईवाल्याला कोणी "तुमचं चुकलं" म्हणून दाखवावं! माणूस सोन्यासारखा, पण जगातली सगळी अक्कल आपल्याच वाट्याला आलीय असं ठाम समजणारा. नवसागराचा धूर खाऊन आवाज घोगरा झालेला, आणि त्याच आवाजात तो हकिमाला औषध अन् कुंभाराला माती शिकवायचा. असल्या माणसाला एका उन्हाळ्यात मुठीएवढ्या जिवानं हात टेकायला लावले.

सन छत्तीसची गोष्ट. त्याचा मुलगा फारुक मुंबईच्या गोदीत कामाला होता. बायको केली तीही तिकडचीच, पेणजवळच्या मिठागरवाल्याची लेक शहनाज. थंडीत तिचं दोन महिन्यांचं लेकरू गेलं. खोलीत एकटी कुढत बसायची, म्हणून फारुकनं तिला वसमतला आपल्या आईबापाकडे आणून सोडलं. इथं घरात दख्खनी, गल्लीत मराठवाडी, अन् हिची बोली कोकणी. पहिल्याच दिवशी विहिरीवरच्या बाया तिच्या बोलण्याला फिदीफिदी हसल्या. झालं! पोरीनं तोंडाला कुलूप घातलं. ताटातली भाकर तशीच राहायची. सासू मदीनाबी पदरानं डोळे पुसायची, आणि ज्याला प्रत्येक गोष्टीवर इलाज ठाऊक तो जलालुद्दीन नुसता भात्याकडे बघत बसायचा.

चैत्रात तिचा भाऊ हैदर आला. रेल्वेत दोन रात्री मांडीशी धरून त्यानं समुद्राच्या पाण्याच्या दोन काचेच्या बरण्या आणल्या होत्या. एकीत दगडाला चिकटलेलं लाल समुद्रफूल. फूल कसलं, जीवच तो! पाकळ्या हलवतो, सुकटीचा तुकडा दिला की गिळून मिटतो. लहानपणी शहनाज खडकांतल्या डबक्यापाशी तासन्‌तास हेच बघत बसायची म्हणे. बरणी पाहून ती आपणहून उठली आणि जवळ येऊन बसली.

हैदर निघताना म्हणाला, "चाचा, दीड महिन्यानं येतो. तोवर ही अशीच राहिली, तर कायमची घेऊन जाईन. आणि हे थंड पाण्यातलं आहे, तुमच्या उन्हात टिकायचं नाही."

"काहून टिकत न्हाई?" जलालुद्दीन खवळला. "पाणी गार करायचं आमी तुमच्याकून शिकावं व्हय?"

तांब्याचं भांडं त्यानं आधीच बाद केलं. मीठ तांब्याला खातं हे कल्हईवाल्याला सांगावं लागत नाही. दगडोबा कुंभाराकडून रुंद तोंडाचा नवा माठ आणला, ओल्या वाळूवर ठेवला, भोवती गोणपाट भिजवून गुंडाळलं, अन् दोन्ही बरण्यांतलं पाणी फुलासकट आत सोडलं. कल्हईच्या भात्याला पपईच्या देठाची नळी जोडून तो सकाळ-संध्याकाळ पाण्यात वारा घालायचा. "दर्याला लाटा, आमच्याकडं भाता!" असं म्हणत त्यानं सारी गल्ली बोलावून माठ दाखवला.

चार दिवस पाणी गारेगार. मग माठाच्या अंगावर पांढरी खपली धरली, घाम सुटेना, पाणी कोमट झालं. वीतभर खालीही गेलं. जलालुद्दीननं डोकं चालवलं: दर्याचं पाणी घटलं, तर खारं पाणीच घालावं. घागरीत दोन मुठी मीठ विरघळवून ओतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. फूल आक्रसून सुपारीएवढं झालं.

तिसऱ्या दुपारी मिठाचं वाडगं घेऊन तो माठापुढं मटकन बसला. हे मेलं तर पोरगी जाणार, आणि जाईल तीही अशीच मुकी. "या अल्ला, एवढं एक जगव," म्हणत त्यानं मूठ भरली, तोच कोणी वाडगं ओढून घेतलं.

"मीठ नको, अब्बा!" शहनाज होती. किती दिवसांनी निघालेला, खरखरीत आवाज. "आमच्या मिठागरात उन्हानं पाणी उडतं, मीठ थोडंच उडतं? ते मागंच राहतं. उडालं तेवढं गोडं पाणी घालायचं." नखानं तिनं माठाची खपली काढून दाखवली. "मिठानं मातीची तोंडं बुजली. खारं पाणी काचेत ठेवा, गोडं मातीत. मग सुटेल घाम."

जन्मात पहिल्यांदा जलालुद्दीन उलट बोलला नाही. धावत जाऊन दुसरा माठ घेऊन आला. त्यात विहिरीचं पाणी, अन् त्या पाण्यात मधोमध फूल ठेवलेली बरणी. शहनाजनं बोटानं चाखत चाखत, घोट घोट गोडं पाणी घालून बरणीतला खारटपणा बेताचा केला, अन् किती पाणी उडालं ते कळावं म्हणून पाण्याच्या रेघेवर काळा दोरा बांधला. पाचव्या दिवशी पाकळ्या उलगडल्या. त्या रात्री ती दीड भाकर जेवली, आणि मदीनाबीनं ताट तसंच हातात धरून देवाचे आभार मानले. पुढं तर विहिरीवर हसणाऱ्या बायांनाच ती मिठागराच्या गोष्टी ऐकवायला लागली.

ज्येष्ठात हैदर आला. बहिणीला बोलताना ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. तरी त्यानं विचारलंच, "येतेस घरी? अम्मी वाट बघतेय."

शहनाजनं बरणीकडे पाहिलं. जलालुद्दीनच्या तोंडचं पाणी पळालं.

"मी गेले तर ह्याचं पाणी कोण बघेल?" ती म्हणाली. "अब्बा मीठ घालतील."

हैदर हसला. "आता तर कळलं ना चाचा तुम्हाला?"

आयुष्यात एकदाही चूक कबूल न केलेला म्हातारा भर दारात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला, "न्हाई बा! मला कुठं कळून राहिलं? पोरगी गेली की मी मूठमूठ मीठ घालणार. बराबर घालणार!"